लावण्याची आई

वर्षा माणसाच्या तोंडाकडे आधी पाहायची नाही. आधी पाय पाहायची. दारात कोणी उभं राहिलं की तिची नजर खाली जायची, अंगठा, टाच, बोटांमधली जागा, आणि मग सावकाश वर यायची. पहिल्यांदा ती माझ्याकडे विरजण मागायला आली तेव्हाही तसंच झालं. माझ्या टाचेला भेगा आहेत. वाफ्यात उभं राहणाऱ्या बाईला असतात तशा. तिनं स्वतःचं नाव सांगायच्या आधी विचारलं, "मावशी, ही जखम कवाची हाय?"

"जखम नाई, भेग हाय."

"शुगर तपासली काय?"

"विरजण पाह्यजे का डाक्टर व्हायचं हाय तुले?"

ती हसली. हसताना नाक चिमटीत धरायची. मला ती त्या दिवशी आवडली नाही. चोंबडी बाई वाटली.

पुढे कळलं. तिची आई पांढरकवड्याला शुगरनं गेली. बाभळीचा काटा लागला, अंगठा काळा पडला, मग पाऊल कापलं, मग गुडघ्यापर्यंत पाय. पट्ट्या वर्षाच बदलायची. लग्नाला आलेली पोर होती तेव्हा. त्या वासात तिचं लग्न जमलं, असं तीच सांगायची. म्हणून कोणी तिला "काळजी करू नको" म्हटलं की ती म्हणायची, "मी पाह्यलं हाय." एवढंच. पुढे बोलायला जागा ठेवायची नाही.

इथं तेलंगणात, इचोड्याला, माझ्या घराला लागून असलेल्या दोन खोल्या त्यांनी भाड्यानं घेतल्या होत्या. नवरा गजानन. रस्त्यावर, जिथं ट्रकवाले चहाला थांबतात, तिथं त्याची भज्यांची गाडी होती. मिरचीभजे, आलूबोंडे. गिऱ्हाईक सगळं हिंदी बोलणारं, त्यामुळे इथं राहूनही त्या घरात तेलुगू आली ती आकड्यांपुरती. आणि एक मुलगी, लावण्या. हे नाव वर्षानं लग्नाच्या आधीच ठरवून ठेवलं होतं. मुलगा झाला असता तर काय ठेवलं असतं, असं मी विचारलं तर म्हणाली, "पोरगा होणारच नव्हता."

मुलगी जाड होती. मी ते गोड करून सांगत नाही. आली तेव्हा गुबगुबीत होती, पाचवीत गेली तोवर ओट्याच्या पायऱ्या चढताना तिला धाप लागायची. तिचं तोंड गोड होतं, बोलणं हळू होतं, आणि ती कुठेही बसली की फ्रॉक ओढून गुडघे झाकायची. बाप रोज गाडीवरून येताना कागदात बांधून काही ना काही आणायचा. गजानन वाईट माणूस नाही. त्याला माया करायची एकच रीत येत होती, आणि ती तेलात तळलेली होती.

एके सकाळी भिंतीपलीकडून पोरीचं रडणं ऐकू आलं. मी डोकावले. लावण्याला न्हाणीच्या दगडावर बसवून वर्षा तिची मान घासत होती. आधी बेसन लावलं होतं, आता हातात विटेचा तुकडा होता. पोरीच्या मानेवर मागून काळा पट्टा उमटला होता.

"कातडी काढते काय व तिची?"

"मळ हाय मावशी. टीचरनं सांगतलं, पोरीले आंघोळ घालून पाठवत जा म्हणून. माह्या पोरीले. मी रोज दोन बादल्या पाणी घालतो."

"इतकं घासून निघत नाई तं तो मळ नाई."

तिनं माझं ऐकलं नाही. मान लाल झाली तरी पट्टा काळाच राहिला. मग मात्र ती घाबरली आणि पोरीला घेऊन आदिलाबादला गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मान पाहून सांगितलं की हा मळ नव्हे. वजन वाढलं आणि अंगात साखरेचं गणित बिघडायला लागलं की काही मुलांना असं होतं. शुगर अजून आलेली नाही, पण उंबऱ्याशी आहे. आतापासून जपलं तर परत जाऊ शकते.

वर्षानं त्यातला शुगर हा एकच शब्द ऐकला. येताना बसमध्ये तिनं लावण्याच्या चपला काढल्या आणि पोरीचे दोन्ही पाय मांडीवर घेऊन इचोडा येईपर्यंत धरून ठेवले. हे मला लावण्यानं सांगितलं. म्हणाली, "आजी, सगळे लोक पाहून राह्यले होते."

डॉक्टरीणबाईंनी आणखीही पुष्कळ सांगितलं होतं. उपाशी ठेवू नका. टोचून बोलू नका. तिचं वेगळं ताट करू नका, घरातल्या सगळ्यांचं खाणं बदला. खेळू द्या, चालू द्या. वाढतं वय आहे, वजन आहे तिथं थांबलं तरी उंची आपलं काम करील. हे वर्षानं मला सांगितलं ते फार नंतर. त्या दिवशी घरी येऊन तिनं स्वयंपाकाच्या खोलीला कुलूप लावलं.

किल्ली कमरेला. सकाळी लिंबूपाणी, दुपारी एक पोळी, संध्याकाळी काकडी. कोणी सांगितलं म्हणून कसलंसं चूर्ण. पहाटे ती पोरीला मोठ्या रस्त्याच्या कडेनं पळवायची. पुढे लावण्या, मागे वर्षा, हातात काडी. वासरू हाकल्यासारखं. ट्रकवाले हॉर्न वाजवायचे. पोरगी रडत पळायची आणि आई मागून ओरडायची, "आजीचा पाय कापला, मालूम हाय ना? पळ."

फ्रॉकही ती एक माप लहान आणायची. म्हणायची, "यात मावली पाह्यजे दिवाळीपर्यंत." पोरगी ते फ्रॉक घालून शाळेत जायची आणि दिवसभर हात वर करायची नाही, शिवण उसवेल म्हणून. येणारं उत्तरसुद्धा त्यामुळे सांगायची नाही.

त्याच दिवसांत मला माझ्या वाफ्यात लावण्या सापडली. वांग्याच्या झाडांमागे उकिडवी बसून कच्चं वांगं खात होती. मी मागे उभी राहिले तरी तिला कळलं नाही, इतकी भूक होती. मी म्हटलं, "कच्च्या वांग्यानं घसा खाजते. टमाटे तिकडे हायेत."

ती इतकी दचकली की वांगं हातातून पडलं. म्हणाली, "आईले सांगू नका."

मी वर्षाला सांगितलं. लपवून काय होणार होतं? ती भांडायला आली. "तुमी पोरीले खाऊ घालून राह्यल्या. तुमाले काय, पाय माह्या लेकराचा जाईन."

"तू तिले उपाशी ठेवशीन तं ती माह्यं वांगं खाईन, नाईतं दुसऱ्याचं खाईन. चोर होईन, बारीक नाई होणार."

ती घरात जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासायला लागली. राग आला की ती हेच करायची. त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून पितळेचा आवाज थांबतच नव्हता.

मग मी माझ्या मुलीकडे यवतमाळला गेले, डोळ्याचं ऑपरेशन होतं. तिथं लांबलं. परत आले तर ऑटोतून उतरतानाच गजाननच्या गाडीवर नवी पाटी दिसली. पिवळ्या रंगावर लाल अक्षरं, आपल्या अक्षरांत आणि खाली तेलुगूतही: लावू भजे सेंटर. गाडीभोवती गर्दी होती, नेहमीपेक्षा जास्त.

मला वाटलं, डोळा अजून नीट झालेला नाही. मी जवळ जाऊन पाहिलं. तेच होतं.

घरी पोहोचते न पोहोचते तोच वर्षा चहा घेऊन आली. मी तिला इतकी खुश कधी पाहिली नव्हती. "मावशी, लावण्याचं लय बरं चाललं. शाळेत मैत्रिणी भेटल्या तिले. त्याईनं लाडाचं नाव ठेवलं, लावू. रस्त्यानं चालली का साऱ्या पोरी हाका मारतात, लावू, लावू. मी तं म्हटलं, इतके दिवस आपल्याले काऊन नाई सुचलं. आता घरीबी आमी लावूच म्हणतो. याईनं तं पाटीच करून घेतली पोरीच्या नावाची. पेंटर म्हणे, बढिया नाम है."

तेवढ्यात तिनं दाराकडे वळून हाक मारली, "लावू, आजी आली पाह्य."

मी जन्मापासून इथली. चौथीपर्यंत शिकले तरी बाजारात भाजी विकून तेलुगू येते मला. मी कप खाली ठेवला.

"वर्षा, लावू म्हणजे काय ठावं हाय तुले?"

"लावण्याचं लावू."

"तेलुगूत लावू म्हणजे जाड."

तिनं हसायला नाक चिमटीत धरलं. तसंच धरून राहिली. हसू आलं नाही.

पेंटरची चूक नव्हती. त्याला वाटलं, जाडजूड भजे मिळतात असं सांगणारी पाटी आहे. गिऱ्हाइकांनाही तेच वाटलं, म्हणून तर गर्दी. साऱ्या गावात दोनच माणसांना ते पोरीचं लाडाचं नाव वाटत होतं, आणि ते तिचे आईबाप होते.

लावण्या दारात येऊन उभी होती. वर्षानं तिला विचारलं, "तुले मालूम होतं?"

"हो."

"कवापासून?"

"पह्यल्यापासून."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

लावण्यानं फ्रॉक ओढला. म्हणाली, "तू खुश होती ना. तू म्हणे, माह्या पोरीले मैत्रिणी भेटल्या."

मी आयुष्यात पुष्कळ रडणं पाहिलं आहे. वर्षा रडली नाही. ती उठली, चपला न घालता रस्त्यावर गेली. अनवाणी कोणी दिसलं की ओरडणारी बाई, भर उन्हात डांबरावरून अनवाणी गेली. मी मागोमाग गेले, माझ्या चालीनं. पोहोचले तेव्हा ती गाडीच्या बाकड्यावर चढून पाटीची तार उपसत होती. ट्रकवाले हातात भजे धरून पाहत होते.

"अवं, काय करून राह्यली? त्या नावावर धंदा चालला ना," गजानन म्हणाला.

"कोणाच्या नावावर?"

तिनं त्याला सांगितलं, लावू म्हणजे काय. सगळ्यांसमोर सांगितलं. गजाननच्या दोन्ही हातांना बेसन होतं. त्यानं ते पुसलंही नाही. गॅस बंद केला आणि तसाच उभा राहिला. पाटी खाली आली तेव्हा तिच्या पत्र्याची कड वर्षाच्या तळहातात घुसली. तिनं पाहिलंही नाही.

त्या दिवसापासून कुलूप गेलं. आणि मग तिनं मला डॉक्टरीणबाईंचं सगळं बोलणं सांगितलं, जणू तिलाही ते तेव्हाच ऐकू आलं. घरात सगळ्यांना ज्वारीची भाकरी, वरण, पालेभाजी. गजाननलाही. गाडीवरचं उरलेलं घरात आणायचं नाही. आणि जाड, बारीक, वजन, हे शब्द घरात कोणी काढायचे नाहीत.

तिचं तोंड फटकळ होतं, तिला हे कसं जमावं? लावण्यानं भाकरी पुन्हा मागितली की वर्षाच्या जिभेवर "पुरे" यायचं. तेव्हा ती तांब्या उचलायची आणि पाणी प्यायची. गटागटा, शब्द खाली जाईपर्यंत. त्या दिवसांत ती इतकं पाणी प्यायची की गजानन म्हणायचा, "मावशी, इले शुगर तं नाई झाली?" वर्षाला हा विनोद आवडायचा नाही, पण एकदा हसली.

फ्रॉक घेऊन ती माझ्या ओट्यावर आली आणि ब्लेडनं एकेक बाजू उसवून आतलं कापड मोकळं करू लागली. ज्यात आत कापड नव्हतं, त्यात तिनं स्वतःच्या साडीचे तुकडे जोडले. पोरीला सांगितलं, "फ्याशन हाय." बाजाराला जाताना ती पोरीला म्हणायची, "चाल व संगं, माह्या हाताले ओझं होते." ओझं काही नसायचं. जाताना जवळच्या रस्त्यानं जायच्या आणि येताना लांबच्या. काकडी घरात सगळ्यांनी खायची म्हणून गजाननही काकडी खायचा, तोंड वाकडं करून, पण पोरीसमोर नाही.

हे वाचून कोणाला वाटेल, आता सगळं ठीक झालं. तसं झालं नाही.

पांढरकवड्याला वर्षाच्या चुलतभावाचं लग्न होतं. पंगतीत वाढणारा जिलेबी घेऊन आला तेव्हा तिची आत्या शेजारून म्हणाली, "हिले एकच वाढ रे बाप्पा. नाईतं नवरा शोधता शोधता गजानन म्हातारा होईन."

वर्षाच्या हाताशी पाणी होतं. तिनं ते घेतलं नाही. ती पानावरून उठली. "आत्या, माह्या पोरीच्या पानात तुमचा हात कायले? तुमची पोरगी बारीक होती ना, मंग ती काऊन माहेरी येऊन बसली?" आणखी पुष्कळ बोलली. सगळी पंगत हात थांबवून पाहू लागली. वाजंत्रीवालेसुद्धा.

लावण्यानं हात धुतले. एक घास खाल्ला नाही. परत येताना बसमध्ये आई तिची समजूत घालत होती, तेव्हा ती म्हणाली, "आत्याआजी बोलली ते जवळच्याईनंच ऐकलं होतं. तू बोलली म्हणून साऱ्याईनं पाह्यलं."

वर्षानं हे मला भिंतीशी उभं राहून सांगितलं. मग म्हणाली, "मावशी, मी गप्प बसली तं ती एकटी पडते. मी बोलली तं ती उघडी पडते. मी करू काय?"

मी भिंतीवरून तिच्या हातात दोन टमाटे ठेवले.

त्यानंतर शाळेत पळण्याची शर्यत झाली. पळायचं नसेल तर नको, असं टीचर म्हणाल्या होत्या, पण लावण्या स्वतःहून उतरली. महिनोन्‌महिने बाजाराच्या लांबच्या रस्त्यानं चालून तिला वाटलं असेल, आता जमेल. ती शेवटून पहिली आली. त्याचं तिला काही नव्हतं. ती हसत घरी आली, मला सांगून गेली, "आजी, थांबली नाई मी." पण कोणा मुलानं घरचा मोबाईल आणला होता आणि तिचं पळणं त्यात घेतलं होतं. त्याला गाणं जोडलं. संध्याकाळपर्यंत ते गावभर फिरलं. गजाननच्या गाडीवर एका गिऱ्हाइकानं ते त्यालाच दाखवलं, त्याची पोरगी आहे हे माहीत नसताना. गजाननला हसावं लागलं की तो गप्प राहिला, ते त्यानं कधी सांगितलं नाही.

लावण्या शाळेत गेली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग नाहीच. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. टीचर घरी येऊन गेल्या, बोलून गेल्या, मोबाईलवाल्या मुलाच्या बापानं येऊन हात जोडले. ती बाहेर आली नाही. एक दिवस काहीच खायची नाही, दुसऱ्या दिवशी डब्यातलं कच्चं पीठ साखर घालून खायची. वर्षानं साखरेचा डबा पाहिला, झाकण लावलं, जागेवर ठेवला, पाणी प्यायली. कुलूप लावलं नाही. मला वाटतं, त्या बाईनं केलेलं सगळ्यात अवघड काम ते होतं.

त्या दुपारी ती माझ्याकडे आली. मी अंबाडी निवडत होते. तिनंही एक जुडी ओढली आणि निवडायला लागली. काही वेळानं मी पाहिलं, ती पानं टाकून देत होती आणि काड्या टोपल्यात ठेवत होती.

"मावशी, मी हिले वाचवून राह्यली का मारून राह्यली?"

"मले काय माहीत."

"खरं सांगा. तुमी खरं सांगता म्हणून आली मी."

"दोन्ही करून राह्यली असशीन. सारेच करतात."

तिनं मान हलवली आणि काड्या निवडत राहिली. मग म्हणाली, "मायच्या पायाले मी हात लावू देत नोती कोणाले. मले वाटे, मीच नीट पट्टी बांधतो. मीच नीट बांधतो, मीच नीट बांधतो, अन् ते आतून सडत गेलं. मी पाह्यलं हाय, मावशी. हिचंबी आतूनच चाललं. पाय तं दिसते तरी."

मी उठून तिला पाणी दिलं. तिनं ते घेतलं आणि हातात धरून बसली. प्यायली नाही.

काही दिवसांनी लावण्या दुपारची माझ्या वाफ्यात यायला लागली. गल्ली झोपलेली असायची तेव्हा. हौदातून पाणी काढायची, वाफ्याला घालायची, तण उपटायची. तिला माझ्याकडे यावंसं वाटायचं त्याचं कारण एवढंच की मी तिच्याकडे पाहत नव्हते, वांग्यांकडे पाहत होते. वर्षा भिंतीपलीकडून कधी डोकावायची नाही. पण पोरगी वाफ्यात असली की पलीकडे भांड्याचा आवाज होत नसे. ती ऐकत उभी असायची, हे मला कळायचं. लावण्यालाही कळत असावं.

पावसाळा सरता सरता वर्षानं ठरवलं की इथून जायचं. नार्नूरला गजाननच्या मोठ्या बहिणीचं किराणा दुकान आहे. ती एकटी आहे, तिला मदत पाहिजे होती. गजानन दुकानात बसणार. गाडी तो विकून टाकणार. त्यानं तक्रार केली नाही. तेल तापवायचं त्यानं त्या मोबाईलच्या दिवसापासूनच कमी केलं होतं. मिठाचा हात चुकायचा, भजे कच्चे राहायचे, गिऱ्हाईक शिव्या देऊन जायचं.

मी म्हटलं, "नार्नूरलेबी पोरं असतील. त्याईलेबी डोळे हायेत."

"हायेत ना."

"मंग कायले चालली?"

"तिथं पह्यल्या दिवशी नाव ती सांगन. इथं लोकाईनं सांगतलं."

"अन् तिथंबी तेच झालं तं?"

"तं मी काय सांगू, मावशी." ती चिडली नाही. पूर्वी चिडली असती. "तिनं एवढंच म्हटलं, तिकडच्या शाळेत जाऊन पाहीन. पाहीन म्हणे. महिन्यात पह्यल्यांदा ती कुठं तरी जातो म्हणाली. गाडीच काय, घर असतं तं मी घरबी विकलं असतं."

जायच्या आधी त्या आदिलाबादला जाऊन आल्या. डॉक्टरीणबाईंनी रक्त पाहिलं. शुगर आलेली नव्हती, लांबही गेलेली नव्हती. उंची वाढली होती, वजन फारसं हललं नव्हतं. हे चांगलं आहे, त्या म्हणाल्या. शाळा सुटली ते चांगलं नाही, तिकडे आधी लक्ष द्या. वर्षानं विचारलं, "म्हणजे वाचली काय?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आज तरी ठीक आहे. पुढचं तुम्ही सगळे मिळून." वर्षाला "आज तरी" या शब्दांचा नीट अर्थ लागला नाही. ते तिनं मला दहादा तरी सांगितलं असेल, आणि दर वेळी त्याचा अर्थ मलाच विचारला.

टेम्पो दुपारी आला. सामान फार नव्हतं. भांडी, पलंग, गाद्या. पुढे ड्रायव्हरशेजारी गजानन गॅसची शेगडी पायात घेऊन बसला. वर्षा पोरीला म्हणाली, "तू पुढं बस." लावण्या म्हणाली, "मी मांगं बसतो. गादीवर." एवढ्या दिवसांत तिनं स्वतःहून काही मागितलं, ते हे.

गल्लीतल्या बाया निरोपाला जमल्या होत्या. कोणाला वाईट वाटत होतं, कोणी नुसत्याच पाहायला आल्या होत्या. टेम्पोची मागची फळी उंच होती. लावण्यानं पाय ठेवला, जोर केला, पाय घसरला. ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं आणि म्हणाला, "अरे, कोई स्टूल लाओ." दोन बाया हसल्या. एक जणी पुढे झाली हात द्यायला.

वर्षा तिच्याआधी पुढे झाली होती. तिचा हात निघाला होता, मी पाहिला. मग तो थांबला. तिनं दोन्ही हात पदरात गुंडाळले, पोरीकडे पाठ केली आणि आमच्याकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाली, "मावशी, तुमच्या भेंडीवर यंदा लय मावा पडला म्हणे?"

माझ्या भेंडीवर कसलीच कीड पडलेली नव्हती. भेंडी कधीच संपली होती.

मला रिकामं बोलायची सवय नाही. पण मी म्हटलं, "पडला ना. सारी पानं चिकट झाली."

"मंग काय केलं?"

"राख मारली."

पुढे झालेली बाई थांबली. म्हणाली, राखेनं काही होत नाही, ताक मारावं. दुसरी म्हणाली, ताक नव्हे, कडुनिंबाचा पाला. तिसरीचं म्हणणं वेगळंच होतं. सगळ्या माझ्याकडे तोंड करून बोलायला लागल्या. मी त्यांच्याशी वाद घातला. वर्षा प्रत्येकीला हो हो म्हणत होती. तिच्या मागे एक चप्पल जमिनीवर पडल्याचा आवाज झाला. मग श्वासाचा. मग काहीच नाही. वर्षाचे पदरातले हात आवळले गेले, पण ती वळली नाही.

"पाला उकळायचा का तसाच वाटायचा?" तिनं मला विचारलं.

मागे टेम्पोचा पत्रा धाडकन वाजला. गादीवर कोणी बसावं तसा.

वर्षानं डोळे मिटले आणि उघडले. तरी ती वळली नाही. "सांगा ना, मावशी," ती म्हणाली. "उकळायचा का?"

"उकळायचा," मी म्हटलं, आणि पाणी किती घ्यायचं तेही सांगायला लागले.